थोरलीची काच कुणी फोडली?

१

सकाळी यार्डात पाऊल टाकलं आणि मला वाटलं, दोन पोकलेनची रात्रीतून मारामारी झाली की काय. निळ्या मशीनने हात लांब करून आपली बकेट सरळ थोरलीच्या केबिनमध्ये खुपसली होती. पुढच्या काचेचा चुरा खाली, दाराची चौकट वाकडी आणि बकेट अजून आतच. कुणीतरी दुसऱ्याच्या तोंडात मूठ घालावी आणि मग काढायचीच विसरावी, तसं.

थोरली म्हणजे माझ्या आत्याचं पहिलं मशीन. आज आत्याच्या यार्डातून रांगेने मशीनं भाड्याने जातात, पण सुरुवात या एका जुन्या पिवळ्या पोकलेनवर झाली. तेव्हा ऑपरेटर ठेवण्याची ऐपत नव्हती, म्हणून आत्या स्वतःच लिव्हर धरून दिवसभर माती उपसायची. पुढे ती ऑफिसात बसली आणि थोरली उस्तादकडे गेली. उस्ताद आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर. थोरलीला तो स्वतःच्या हाताने पुसतो, दुसऱ्या कुणाला फडकं लावू देत नाही.

आणि आता तो त्या काचांसमोर उभा होता. त्याच्या बाजूला मिस्तरी, म्हणजे आमचा मेकॅनिक, आणि माझा दादा, म्हणजे आत्याचा मुलगा.

"हे त्या नदीपलीकडच्याचंच काम," उस्ताद म्हणाला.

"दुसरं कोण करणार," मिस्तरी म्हणाला.

"मी आईला आधीच म्हटलं होतं," दादा म्हणाला. दादा सगळंच आधी म्हणालेला असतो, फक्त झाल्यावर सांगतो.

तेवढ्यात ज्याच्यावर हे सगळं चाललं होतं तो, निळीचा ऑपरेटर, गेटमधून आत आला, डबा हातात घेऊन. समोरचं दृश्य बघून त्याचा डबा हातातच राहिला. "मी नाही केलं हे," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

थोड्या वेळाने आत्या आली. मशीनकडे तिने एकदाच बघितलं. त्याच्याकडे तर बघितलंच नाही.

"आत्या, विचार तरी त्याला," मी म्हटलं.

"टिकले, तू यात पडू नकोस." मी उंचीने कमी म्हणून घरात माझं नाव टिकली. आत्याही माझ्याएवढीच आहे, पण तिला टिकली म्हणायची कुणाची छाती नाही. "संध्याकाळच्या बसने त्याला परत पाठवते," ती म्हणाली आणि ऑफिसात निघून गेली.

झाला न्याय. शाळेला सुट्टी होती आणि संध्याकाळपर्यंतचा वेळ माझा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तर निदान चोर कोण ते तरी कळू दे.

२

नदीच्या अलीकडे सगळे पिवळ्या मशीनवाले. कंपनीचं नाव कुणी घेत नाही, रंग हेच नाव. आमच्याकडे पिवळीचे पार्ट कोपऱ्यावर मिळतात, पिवळीचे मिस्तरी गल्लोगल्ली आहेत आणि ज्याच्या बापाने पिवळी चालवली त्याचा मुलगाही पिवळीच चालवतो. पूल ओलांडला की हेच सगळं निळ्या रंगात. तिकडच्या ठेकेदाराला पिवळी दाखवली तर तो असं तोंड करतो, जणू त्याच्या अंगणात कुणी म्हैस आणून बांधली. दोन्हीकडच्या माणसांना विचारलं, काय वाईट आहे हो त्यांच्या मशीनमध्ये, तर दोन्हीकडून एकच उत्तर येतं: "बसून बघ, मग कळेल." आणि बसलेलं कुणीच नसतं.

पण मोठी कामं सध्या नदीपलीकडे चालू आहेत. म्हणून आत्याने सगळ्यांचा विरोध मोडून एक निळी घेतली आणि ती चालवायला पलीकडचा ऑपरेटर आणला. यार्डात सगळे त्याला पाहुणा म्हणतात. प्रेमाने नाही. पाहुणा म्हणजे जो कधीतरी जाणार.

तो टायरवर बसला होता. उभा राहिला तर बांबूसारखा उंच, पण बसला तेव्हा सगळा गुडघ्यांमध्ये दुमडला होता.

"काल संध्याकाळी मशीन कसं लावलं होतंत?" मी विचारलं.

"रोजच्यासारखं. थोरलीच्या समोर, बकेट मधल्या जागेत जमिनीला टेकवून. किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला."

"सकाळी कुठे होतात?"

"खोलीवर. एकटा. कोण सांगणार माझ्या बाजूने?" त्याने डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "ताई, राहू दे. तिकडे मी सांगून आलोय की इकडे मला मोठं काम मिळालं. आता परत गेलो की अलीकडच्या मशीनची काच फोडून आला, एवढंच नाव राहणार. मग मला तिकडेही कोण मशीन देतंय?"

हा एकच माणूस मला या यार्डात धड उत्तर देतो. बाकीच्यांना काहीही विचारा, अभ्यास कर म्हणतात. यानेच मला मागे एकदा मातीत काडीने रेघा मारून दोन्ही मशीनमधला फरक समजावला होता. पोकलेनचा हात आपल्या हातासारखाच असतो. खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग म्हणजे बूम, कोपरापासून पुढचा आर्म आणि पंजा म्हणजे बकेट. पिवळीत बूम उचलायचा तर उजवा लिव्हर आपल्याकडे ओढायचा. निळीत बूम डाव्या लिव्हरवर असतो आणि उजव्यावर आर्म. काही मशीनमध्ये हे बदलून घ्यायची सोय असते, पण आमच्या निळीत ती नव्हती.

मी निळीवर चढले आणि सीटवर जाऊन बसले. पाय बरोबर पेडलवर टेकले, लिव्हर हातात आले. समोर थोरलीची वाकडी चौकट. काही सुचलं नाही.

चिडून खाली उतरले.

३

मिस्तरी हात पुसत होता. तो निम्मा दिवस काम करतो आणि निम्मा दिवस हात पुसतो.

"मिस्तरीकाका, सकाळी पहिलं कोण आलं?"

"मीच. गेट उघडंच होतं. म्हटलं बाई आत असतील. रोज त्याच पहिल्या येतात ना. पण आत कुणी नाही. बाई आज सगळ्यांच्या मागून आल्या."

"तुम्हाला निळी आवडत नाही."

"तिचा साधा पाइप फुटला तरी मला पूल ओलांडून जावं लागतं. पलीकडचे दुकानदार माझ्याकडे कसं बघतात माहीत आहे? जावई रुसून सासरी आलाय असं. आवडेल कशी?"

"मग तिला घालवायला तुम्हीच थोरली मोडली असेल."

"बाळा, मोडली तर दुरुस्त कोण करणार?" आणि तो पुन्हा हात पुसायला लागला.

दादा फोनवर होता. दादा कायम फोनवर असतो, कामाची बोलणी तोच करतो. मशीनचं आणि त्याचं मात्र जन्माचं वैर. एकदा हौसेने पिवळीवर बसला होता, तेव्हा बकेट पिठाच्या चाळणीसारखी थरथरली होती आणि उस्तादने त्याला कॉलर धरून खाली उतरवलं होतं.

"पलीकडच्या मोठ्या ठेकेदाराशी आईचं बोलणं झालंय," तो फोन छातीला धरून म्हणाला. "तो म्हणाला, तुमच्या अलीकडच्या लोकांना निळी जमणार नाही. आई म्हणाली, मशीन म्हणजे मशीन, मी स्वतः येऊन चालवून दाखवते. आता दाखवा."

"मग पाहुण्याला घालवून कसं चालेल?"

"ते मला काय विचारतेस? मी आधीच म्हटलं होतं."

राहिला उस्ताद. तो थोरलीच्या काचा एकेक वेचून पत्र्याच्या डब्यात टाकत होता.

"उस्ताद, तुम्ही कधी निळीवर बसलात?"

"मी? तिला मी हात लावणार नाही."

"शिकून घ्यायची ना. सोपी असते म्हणे."

त्याने हातातली काच डब्यात इतक्या जोरात टाकली की मी दचकले. "गेल्या आठवड्यात तुझ्या आत्यानेही हेच म्हटलं. सगळ्यांसमोर. म्हणे, उस्ताद, निळी वाईट नाही, तुमचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. माझे केस त्या पिवळीवर पांढरे झाले, पोरी. आणि मला अंगण दाखवतात."

माझ्या डोक्यात दिवा लागला. दुखावलेला माणूस, ज्याला गुपचूप एकदा बसून बघावंसं वाटू शकतं.

फक्त पुरावा हवा होता.

४

तो माझ्या पायाखालीच होता. अक्षरशः. मी त्याच्यावर उभी राहून सगळ्यांना प्रश्न विचारत होते.

दोन मशीनच्या मधल्या जागेत एक चर होता. जिथे पाहुण्याने बकेट टेकवली होती, तिथून तो निघाला होता आणि थेट निळीच्या चेनपर्यंत, म्हणजे निळीच्याच पायाशी आला होता. सरळ, खोल, कुठेही थरथर नाही. सकाळपासून आम्ही सगळे त्याच्यावरून ये-जा करत होतो.

मी सगळ्यांना हाक मारली. सगळे आले, कारण मी थांबणारच नव्हते. आत्या ऑफिसच्या खिडकीत उभी राहिली.

"हा चर बघा," मी म्हटलं. "पाहुण्याला थोरली फोडायचीच असती तर त्याने बकेट सरळ पुढे घातली असती. आधी स्वतःकडे कशाला ओढली असती?"

"चुकून," मिस्तरी म्हणाला.

"ज्याला निळीच येते तो ही चूक करत नाही. ही चूक पिवळीवाल्याची आहे. तो बसला, बूम उचलायला नेहमीसारखा उजवा लिव्हर ओढला. पण निळीत उजव्यावर आर्म असतो. बूम उठलाच नाही, आर्म मात्र आत आला आणि बकेट जमीन खरवडत मशीनच्या पायाशी आली. मग घाबरून तोच लिव्हर उलटा ढकलला. आर्म सगळा बाहेर गेला, थोरलीच्या काचेत."

कुणी हसलं नाही. मला बरं वाटलं.

"दादाचा हात असता तर चर वाकडातिकडा आला असता. मिस्तरीकाका कुठल्याही मशीनवर बसले की आधी प्रत्येक लिव्हर जरासा हलवून बघतात, ते असा एकदम ओढत नाहीत. हा हात पिवळीवर मुरलेला आहे. विचार न करता चालणारा हात." मी श्वास घेतला. "उस्ताद, तुम्ही बसला होतात."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई मला नेहमी म्हणते. त्या क्षणी मला वाटलं, आई इथे असायला हवी होती, आपल्या मुलीची अक्कल बघायला.

उस्तादने काचांचा डबा खाली ठेवला. मग तो निळीवर चढला. केबिनचं दार उघडलं. आत शिरला.

म्हणजे शिरायला गेला.

५

त्याचं पोट अडकलं. सीट इतकी पुढे होती की पोट आणि लिव्हर यांच्यात एक भाकरीही मावली नसती. त्याने श्वास आत घेतला, एक पाय आत घातला, गुडघा समोर आपटला, आणि तो तसाच अर्धा आत अर्धा बाहेर राहून माझ्याकडे वळला.

"सांग आता. मी कसा बसलो होतो? पोट घरी ठेवून?"

आता सगळे हसले. पाहुणासुद्धा. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

"सीट मागे करून बसला असाल," मी हट्टाने म्हटलं.

"आणि काच फोडल्यावर आरामात पुढे सरकवून उतरलो?" उस्ताद खाली आला. "दिवसभर माझ्या थोरलीच्या काचा वेचतोय मी, आणि तू मलाच. जा, अभ्यास कर."

सगळे पांगले. पाहुणा सीटकडे बघत म्हणाला, "काल मी उतरलो तेव्हा ही पार मागे होती. माझे गुडघे मावतात का इथे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. सकाळी मी त्या सीटवर बसले होते. सीट न सरकवता. माझे पाय पेडलवर बरोबर टेकले होते.

मी वर बघितलं. ऑफिसच्या खिडकीत आता कुणी नव्हतं.

माझ्याएवढ्या उंचीचं, आणि हात पिवळीवर मुरलेला. जी रोज पहिली येते आणि आज सगळ्यांच्या मागून आली. जिने पलीकडच्या ठेकेदाराला स्वतः चालवून दाखवायचा शब्द दिला होता.

आपलेच दात, आपलेच ओठ. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि कुणावर काढावा तेही कळत नव्हतं.

६

ऑफिसात आत्या टेबलाशी बसली होती. समोर चहा होता, वर साय धरलेला.

"दार लाव," ती म्हणाली.

मी लावलं. काय बोलायचं ते पाठ करून आले होते, पण सगळं विसरलं. "सीट पुढे आहे," एवढंच म्हटलं.

तिने चहाचा कप बाजूला सरकवला.

"मला वाटलं, कुणी यायच्या आत एकदा बसून बघू," ती म्हणाली. "दोन महिन्यांत हात बसतो, असं मी जगाला सांगत फिरते. मी बसले, आणि माझ्या हाताने मला विचारलंच नाही गं. आपला आपण ओढला. समोर थोरली. मी जीव घेऊन गेटबाहेर पळाले, कोपऱ्यावरच्या दुकानामागे जाऊन उभी राहिले चोरासारखी. परत आले तर तुम्ही सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं."

"आणि तू गप्प बसलीस."

"बसले."

"गप्प नाही बसलीस, आत्या. बसने पाठवते म्हणालीस. ते तू म्हणालीस."

तिने कपाळ चोळलं. "उस्तादला मी सगळ्यांसमोर टोचून बोलले. त्याच्यासमोर आता काय तोंड घेऊन जाऊ? उद्यापासून या यार्डात माझा शब्द कोण ऐकेल? पाहुण्याला मी पैसे देईन, दुसरीकडे शब्द टाकेन."

"कुठे टाकणार? पलीकडे? काच फोडून आलेला म्हणून?"

ती चिडली. "मग तू सांग बाहेर जाऊन. दिवसभर तेच तर करते आहेस."

मी दाराच्या कडीवर हात ठेवला. आणि मला जमेना. जिने मला सायकल शिकवली, जिच्यामुळे मला वाटायला लागलं की मुलींनी वाटेल ते मशीन चालवावं, तिच्याविरुद्ध बाहेर जाऊन ओरडायचं? आणि नाही ओरडायचं तर तो माणूस जाणार. मी कडी धरून उभी राहिले आणि रडायला आलं. दुःखाने नाही, नुसत्या वैतागाने.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "पण मी इथून हलणारही नाही. तो जाईल तेव्हा आपण दोघी मिळून खिडकीतून बघू."

खिडकीतून गेट दिसत होतं. पाहुणा खांद्याला पिशवी लावून बाहेर पडत होता. कुणाचा निरोप घ्यायला तो थांबला नाही. घेणार कुणाचा?

आत्याची खुर्ची मागे पडली. म्हणजे खरंच पडली, ती इतकी पटकन उठली.

७

"काच मी फोडली," आत्या यार्डाच्या मध्यावर उभी राहून म्हणाली.

मिस्तरीचे हात पुसता पुसता थांबले. दादाने फोन खाली केला आणि पहिल्यांदाच तो काहीही आधी म्हणालेला नव्हता. पाहुणा गेटपाशी वळला.

"बाई, उगाच कुणाचं अंगावर कशाला घेता," उस्ताद म्हणाला.

"उगाच नाही. सकाळी मी बसले होते. मला नाही जमली." ती त्याच्याकडे बघून बोलत होती. "अंगण सरळ होतं, उस्ताद, मलाच नाचता आलं नाही. त्या दिवशी मी बोलले ते चुकलं."

उस्तादने थोरलीच्या वाकड्या चौकटीवर हात फिरवला. "आपल्याच हाताने फोडलीत," तो पुटपुटला. "निदान परक्याने नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि तू, दीडशहाणे, माझ्याशी आठवडाभर बोलू नकोस."

आत्या गेटकडे गेली. पाहुण्यापुढे उभी राहिली तेव्हा तिला मान वर करावी लागली.

"सकाळी मी सांगत होतो," तो म्हणाला. "तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत."

"बघवलं नाही."

"आता सगळ्यांसमोर म्हणालात, ते पलीकडेही म्हणाल? त्या ठेकेदाराला?"

हे आत्याला अपेक्षित नव्हतं. मलाही. ठेकेदाराला सांगायचं म्हणजे अलीकडच्यांना निळी जमत नाही, हे त्याचं म्हणणं मान्य करायचं. दादाने डोळे मिटले.

"म्हणेन," आत्या म्हणाली. "दादा, लाव फोन."

"आई, उद्या लावू."

"आत्ता."

तिने फोन घेतला आणि आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं की चालवून दाखवायचा शब्द मी दिला होता, तो मला आत्ता पाळता येत नाही, मशीनची काच माझ्याच हाताने फुटली, आणि माझा ऑपरेटर मात्र ते मशीन तुमच्या माणसांइतकंच चांगलं चालवतो. पलीकडून हसण्याचा आवाज आला. बराच वेळ आला. मग ठेकेदार काहीतरी म्हणाला आणि आत्याने फोन ठेवला.

"काय म्हणाला?" दादा.

"शिकून या म्हणाला."

पाहुणा पिशवी खांद्यावर ठेवूनच निळीपाशी आला. केबिनचं दार उघडून त्याने सीटकडे बोट केलं. "बसा."

"मी?"

"बकेट काढायला हवी ना थोरलीतून. तुमच्यासाठी सीट लागलेलीच आहे."

मिस्तरी खो खो हसला. आत्या एरवी अशा हसण्यावर माणूस कामावरून काढते. आज ती निमूट चढली आणि बसली. पाहुणा चेनवर पाय रोवून दारात उभा राहिला.

"उजवा हात मांडीखाली घ्या. वर बसा त्याच्यावर. तो ऐकत नाही, त्याला बाहेर ठेवायचंच नाही."

आणि आमच्या यार्डाची मालकीण, सगळी माणसं बघत असताना, शाळेतल्या पोरीसारखी स्वतःच्या उजव्या हातावर बसली. उस्ताद थोरलीच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि बोटाने वर, जरा वर, अशी खूण करायला लागला. निळीला हात लावणार नाही म्हणालेला माणूस. इंजिन सुरू झालं. डावा लिव्हर हलला. बूम कण्हल्यासारखा उठला, बकेट चौकटीतून केसभर वर आली, थांबली, परत उठली. एक काच टपकन खाली पडली आणि सगळ्यांनी श्वास रोखला.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा, जरा लांबून.

पाहुण्याने मान वळवली नाही. आत्याचा उजवा हात हळूच मांडीखालून बाहेर सरकत होता, तो त्याला दिसला होता.

"उजवा आत," तो म्हणाला. "आत, मॅडम."